शुक्रवार बरा जातो

“लागला, लागला!” प्रीतीनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून स्पीकर चालू केला, आणि चंदनबालाची पोळी तव्यावर तशीच राहिली. पर्युषणापासून तिनं लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं. व्हिडिओ म्हटलं की जिनेंद्रचं नेट जायचं. एरवी दोन वाक्यांत फोन बंद. नोकरीला लंडनला गेलेलं पोर बरं आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. नवऱ्याला, धरणेंद्रला, विचारलं की तो हसण्यावारी न्यायचा.

प्रीती ही धरणेंद्रची भाची. नुकतंच लग्न झालं होतं आणि आता नवऱ्याबरोबर लंडनला फिरायला निघाली होती. त्याआधी सांगलीला मामाकडं जेवण. दिवस मावळायच्या आत पानं वाढायची म्हणून घाई उडालेली. नवे जावई गोमटेश टेबलाशी अदबीनं बसले होते, आणि धरणेंद्रच्या उत्साहाला तर ऊत आला होता.

“इचार की त्याला! सगळी म्युझियमं पालथी घातल्यात पोरानं. रोज एक फोटो असतोय.”

“दादा, कुठलं कुठलं बघू, सांग.”

“ब्रिटिश म्युझियम,” जिनेंद्र लगेच म्हणाला. आवाज बसलेला होता. “सकाळी दार उघडलं की आत जायचं. तिकीट न्हाई. आत ऊब हाय लय.”

“आणि?”

“नॅशनल गॅलरी. आतल्या खोल्यांत बाक हाईत. डोळा लागला तरी लवकर कोण उठवत न्हाई.”

प्रीती खळखळून हसली. “आरं, चित्रं बघायला जायचंय, झोपायला न्हवं!”

“चित्रं बी हाईत की,” तो गडबडीनं म्हणाला. “एका चित्रात टेबलावर नुसता पाव ठेवलाय, कापलेला. तेवढं बघच.” मग पुढं म्हणाला, “आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. ते शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतंय. शुक्रवार बरा जातो.”

चंदनबालानं गॅस बंद केला आणि दारात आली.

“जेवलास काय रं?”

“आज उपास हाय, आई.”

“बघा पाव्हणं!” धरणेंद्रनं मांडीवर थाप मारली. “साता समुद्रापलीकडं जाऊनबी पोरानं धर्म सोडला न्हाई!” गोमटेशनी कौतुकानं मान डोलावली.

आज ना अष्टमी होती, ना चतुर्दशी. आणि अनंत चतुर्दशीलासुद्धा दुपारी डब्यातला चिवडा चोरून खाणारं पोर ते! चंदनबालाला सगळं उमगलं. तिच्या पोराला काम उरलं नव्हतं. निजायला जागा नव्हती. तो उपाशी होता आणि ऊब शोधत चित्रांच्या पुढ्यात बसत होता. सांगणार तरी कुणाला? निघायच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, धरणेंद्रनं, म्हणजे त्याच्या आप्पांनी, त्याला बजावलं होतं, “नाव काढल्याबिगर तोंड दाखवू नगंस.” बोलणारा कधीच विसरून गेला होता. पोरगं मात्र तो शब्द पाळत बसलं होतं.

तिला हंबरडा फोडावासा वाटला. पण समोर नवे पाव्हणे, त्यांच्यासमोर रडायचीही चोरी. तिनं पिठाच्या हातांनीच फोन उचलला.

“जिनू,” ती म्हणाली, “ह्या उपासाचं पारणं हितं येऊन कर. जसा असशील तसा ये.”

धरणेंद्र हसला. “आगं, पारण्याला लंडनहून कोण येतंय व्हय?”

प्रीतीही हसली. चंदनबाला हसली नाही. फोनमध्ये कुठंतरी लांब पावलं वाजत होती, कुणीतरी इंग्रजीत काही बोलून पुढं गेलं. मग जिनेंद्रचा आवाज आला, इतका बारीक की धरणेंद्रला ऐकायला पुढं वाकावं लागलं.

“आप्पांना इचार, आई. तोंड दाखवू का, म्हणावं.”