कानपिळीची सूज

कानपिळीत नवरदेवाचा कान पिळला गेला आणि सूज आली पिळणाऱ्या मेव्हण्याच्या कानाला. असं काही घडलंच नाही, हे मात्र फोटोग्राफरसकट सगळ्यांनी लगेच ठरवून टाकलं.

"ताई, मी कान भावोजींचाच पिळला ना?" नवरीचा धाकटा भाऊ मिहिर कळवळून म्हणाला.

"ओरडू नकोस. दुखावलेल्या पेशी रसायनं सोडून पांढऱ्या पेशींना मदतीला बोलावतात, म्हणून सूज येते. यांच्या पेशींची हाक यांच्या दंडावरच्या पट्टीतून तुझ्या पट्टीत वळवली. हल्ली सगळ्याच लग्नांत करतात."

"माझी पट्टी? सकाळी दंडावर लावलीस ती? व्हिटॅमिनची म्हणालीस!"

"मी लावली म्हणून निमूट लावून घेतलीस ना? मग झालं. फोटोत यांचा कान लाल दिसला असता रे."

"आणि माझा?"

"तू जरा कडेला उभा राहा."

मिहिर कडेला गेला. कान पुरीसारखा टम्म फुगला होता. त्याने मोबाइल काढून स्वतःच्याच पांढऱ्या पेशींना अर्ज लिहिला: 'सदर कान पिळला गेलेला नसून अर्जदार स्वतः पिळणारा आहे. तरी आपण सर्वांनी त्वरित माघारी फिरावे आणि भावोजींच्या बाजूस गेलेल्या अर्जदाराच्या ताईसही पूर्ववत करावे, ही नम्र विनंती.'