बुवा, हलू नका!

सावली गावच्या भजनी मंडळाच्या मुखरूबुवांना चार दिवस घास गिळवत नव्हता. मंडळातले लोक घशात गाठ असेल म्हणत होते. चोरून खाल्लेल्या मासोळीचा काटा एकट्या बुवांना ठाऊक होता. उघड झालं तर हातची वीणा जाणार. चांद्याच्या दवाखान्यात एक्स-रेवाला म्हणाला, "माळ काढा." बुवांनी तुळशीमाळ बायकोच्या, देवकाबाईच्या, हाती दिली. "हलू नका!" बुवा हलले. दोनदा फोटो बिघडला. विठ्ठला, गाठच निघू दे, असं त्यांनी मनापासून मागितलं. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "काटा आहे." सोबत आलेल्या, दारात उभ्या टाळकऱ्यांनी माना लांबवत विचारलं, "कशाचा?" देवकाबाई पुढे झाली. "शिंगाड्याचा जी. आमच्या तलावात लय होतेत." डॉक्टर हसले आणि दार लावून त्यांनी चिमटा उचलला. बाहेर पडण्याआधी माळ नवऱ्याच्या गळ्यात घालत देवकाबाई पुटपुटली, "पुढच्या येळी घरीच खाजा. काटे मी काढून देईन."