पक्के टाके

उभा जन्म बूट शिवण्यात घालवलेल्या आजोबांनी नात भिंगरीच्या शाळेसाठी चामड्याची पिशवी शिवायला घेतली. साधीच होती, एक कप्पा आणि एक पट्टा. पण शाळेच्या पहिल्याच दिवशी सकाळी आजी दारातून म्हणाली, "तुमच्या बुटांचे टाके उसवायचे, पिशवीचं काय होणार देव जाणे!"

झालं, आजोबा इरेला पेटले. चष्मा कपाळावरच विसरून, पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे दुहेरी टाके घातले आणि शेवटची गाठ करकचून आवळली.

तेवढ्यात शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. भिंगरीने त्यांच्या मांडीवरची पिशवी ओढून गळ्यात अडकवली आणि ती जी सुटली ती थेट फाटकाबाहेर. आजोबाही अनवाणीच तिच्या मागे पळाले. ती गाडीच्या पायरीवर चढली, तर आजोबाही चढले.

शेजारीण गहिवरली. "किती जीव हो नातीवर! सोडवत नाहीये बघा त्यांना." ते ऐकून ड्रायव्हरनेही डोळे पुसले.

भिंगरी मात्र मैत्रिणींसमोर लाजून लाल झाली. "आजोबा, सोडा ना मला! मी मोठी झालेय आता."



"अगं, धरलंय कोणी तुला?" आजोबा धापा टाकत म्हणाले, "पिशवीबरोबर माझा शर्टपण शिवलाय मी!"