बाळाचा हुक

सूर्य मावळला की जमिनीतून विषारी वायू कमरेपर्यंत चढायचा, म्हणून घाटाकडे निघालेली माणसं रस्त्यालगतच्या खांबांना झोळ्या टांगून झोपायची. खांबावर प्रत्येकाच्या झोळीसाठी ठरावीक वजनाचा एक हुक; त्याहून जास्त वजन झालं की तो उघडायचा.

अंबादास जुना ट्रेकर. पॅराशूटच्या कापडाच्या झोळ्या, बारीक दोऱ्या. टूथब्रशचे दांडेसुद्धा त्याने कापले होते. तरी पाचव्या संध्याकाळी बाळाचा हुक लागेना. सात किलोवर चाळीस ग्रॅम जास्त.

"काल लागला होता. काय भरलंस झोळीत?" तो बायकोवर खेकसला.

"काही नाही रे," शर्वाणी म्हणाली. "बाळसं धरलंय त्यानं."

दोघांचे हुक त्यांच्याच वजनाने भरलेले. वायू घोट्यापर्यंत आला होता. तिने बाळाचं दुपटं काढलं, कानटोपी काढली, शेवटी आजीने ओवलेल्या मनगट्याही. हुक लागला. बरोबर सात किलो.

ती शेजारच्या झोळीत चढली, तोच बाळ भुकेने रडू लागलं. तिने हात पुढे केले.

"आता पाजलंस, तर दुधाच्या वजनाने त्याचा हुक उघडेल," अंबादास हळूच म्हणाला.

तिने हात मागे घेतले. बाळ रडत राहिलं. त्याच्याकडे पाठ करून ती पडून राहिली, आणि तिचा कुर्ता दुधाने भिजत गेला.