मेहकरहून शारदा

रविवारी दुपारी अन्नपूर्णाबाईंच्या ओसरीवर रेडिओ लागे. फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं ऐकत त्यांची सून पुष्पा तांदूळ निवडत बसे. आज निवेदिका म्हणाली, "आणि मेहकरहून शारदा." गाणं सुरू झालं. पुष्पाचा हात सुपातच थांबला.

"हे शारदा कोन वं आपल्या गावातली?" सासूबाईंनी विचारलं.

"होती एक," ती गाण्यात हरवल्यासारखी म्हणाली. "लगन होऊन गेली."

सासूबाई पेंगू लागल्या, तसं तिनं सुपातले तांदूळ तळहातानं सारखे केले. लग्नात ताटात अशाच पसरलेल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, पुष्पा. फर्माइशीच्या पोस्टकार्डावर टाकलेलं, या घरात कुणालाच न आठवणारं जुनं नाव तिनं आता बोटानं लिहिलं, आणि गाणं संपेपर्यंत पुसलं नाही.