तेविसावी टाचणी

तेलविहिरी बावीस, त्या दुरुस्त करणारा फिरता रिग एकच. त्यानं कोणत्या विहिरीवरून कुठे जायचं, हे काका तीस वर्षं भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचून, लाल दोरा गुंडाळून ठरवत आले. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी कॉम्प्युटरवर नवा मार्ग काढून ऐटीत दाखवला. "काका, महिन्याचे चार दिवस वाचले! तुमचा दोरा दर आठवड्याला या तेविसाव्या टाचणीला उगाच वळसा घालतो. इथे तर विहीरच नाही." "नाहीच," काका चष्मा पुसत म्हणाले. "तिथे रिगवरच्या माणसांची घरं आहेत. साहेब सुट्टी देईनात, म्हणून मी रस्ताच दारावरून नेला." काकांनी डबा पिशवीत टाकला, उरलेला दोरा माझ्या हातावर ठेवला. ते जिना उतरेपर्यंत मी कॉम्प्युटरमध्ये तेविसावी विहीर नोंदवली होती. उत्पादन: सर्वाधिक. दुरुस्ती: दर शनिवारी.