डावं बटण

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: पत्र्याचे तुकडे पाडणारं एक जुनं प्रेस मशीन आहे. त्याला दोन बटणं, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा खाली येतो. असं का बरं? दोन्ही हात बटणांवर गुंतले, की ठोकळ्याखाली बोट सापडायला उरतच नाही.

एक मुलगी हे इंजिनियरिंग कॉलेजात शिकली होती. परीक्षेत आकृतीही काढली होती. आता प्रशिक्षणासाठी कारखान्यात आली, तर मशीनवर तिचे बाबाच होते आणि डावं बटण सुतळीनं दाबून करकचून बांधलेलं होतं. बाबा उजव्या हातानं बटण दाबत आणि डाव्यानं ठोकळ्याखाली पत्रा सरकवत.

"बाबा, ही सुतळी सोडा आधी!"

"सगळेच बांधतात गं. त्याशिवाय माल उरकत नाही."

मागून सुपरवायझर आला. "काय इंजिनियरबाई, पुस्तकात सुतळी नव्हती वाटतं?"

सगळे हसले. शेजारच्या मशीनवरचा थोट्याही हसला. डाव्या हाताची बोटं गेल्यापासून त्याला सगळे थोट्याच म्हणत.

"हादऱ्यानं ही सुतळी सारखी सैल होते," सुपरवायझर म्हणाला. "काम खोळंबतं. तुमची विद्या लावा कामाला. जमलं तर प्रशिक्षण पूर्ण, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

तिनं बाबांकडे पाहिलं.

"कर की, बाळा," बाबा हळूच म्हणाले. "एवढ्यातेवढ्यावरून वर्ष वाया घालवतेस होय?"

तिनं भंगारातली पोलादी पट्टी उचलली. स्प्रिंगचा धडा आठवत वाकवली, वळवली, पुन्हा वाकवली. जेवणाच्या सुट्टीआधी चिमटा तयार झाला. डाव्या बटणावर तो खट्कन बसला. मशीन धडधडू लागलं. बाबांचा हात आत-बाहेर, आत-बाहेर. चिमटा तसूभरही हलला नाही.

"बघा रे, याला म्हणतात शिक्षण!" सुपरवायझरनं तिची पाठ थोपटली. "आता सगळ्या मशीनना असेच बसवू."

"माझी मुलगी आहे," बाबांनी थोट्याला सांगितलं. मग कौतुकानं चिमट्यावरून अंगठा फिरवला आणि चटकन मागे घेतला. "कड जरा लागते गं हाताला."

तिनं लगेच कानस मागून घेतली आणि बाबांच्या बोटांना ओरखडा येऊ नये म्हणून ती कड घासून घासून गुळगुळीत केली.